अल अवीरच्या मंडपात

सोमवार, २८ ऑक्टोबर २०२४. सकाळचे साडेसात. ऑक्टोबर संपत आला तरी दुबईचं ऊन उतरायचं नाव घेत नाही. अल अवीरच्या इमिग्रेशन केंद्राबाहेर टॅक्सी आणि मिनीबस येऊन थांबताहेत आणि त्यांतून पाठीला एकेक सॅक लावलेली माणसं उतरताहेत. आत भलेमोठे पांढरे मंडप, गावाकडच्या लग्नात घालतात तसे, फक्त इथं एसी आहे आणि कुणी हसत नाही. बायका आणि कुटुंबं एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. खुर्च्यांच्या रांगा, पाण्याच्या बाटल्यांची खोकी, टोकन घेतलेले हात.

संयुक्त अरब अमिरातीनं १ सप्टेंबरपासून माफी जाहीर केली आहे. व्हिसा संपूनही राहिलेले, मालकाकडून पळालेले, दंड साचलेले, या सगळ्यांनी यावं, बोटांचे ठसे द्यावेत आणि एक पैसा दंड न भरता घरी जावं. पुन्हा येण्यावर बंदी नाही. किंवा नवी नोकरी मिळवून इथंच कागद सरळ करून घ्यावेत. मुदत ३१ ऑक्टोबरपर्यंत. आजचा धरून चार दिवस उरलेत आणि गर्दी दोन महिन्यांची आहे.

दुबईचा मध्यवर्ती तुरुंग याच भागात आहे, पकडलेल्या परदेशी माणसांना ठेवण्याची कोठडीही. एरवी इथं पोलिसांच्या गाडीतून आणतात. आज लोक आपल्या खिशातून टॅक्सीचे पैसे देऊन येताहेत. गेटपाशी येऊन बराच वेळ नुसतेच उभे राहणारे कितीतरी दिसतात. आत गेलो तर बाहेर येऊ ना, एवढंच त्यांना विचारायचं असतं. गणवेशातल्या माणसाला ते विचारत नाहीत, आम्हाला विचारतात.

आम्ही म्हणजे फॉर्म भरून देणारी मंडळी. काम काही मोठं नाही. ज्याला इंग्रजी किंवा अरबी वाचता येत नाही त्याच्या शेजारी बसायचं, नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर बरोबर उतरलाय ना ते बघायचं आणि कुठल्या खिडकीवर जायचं ते सांगायचं. भारतीय कॉन्सुलेटचं मदत काउंटर आहेच, पण तिथं मराठी समजणारं माणूस दर वेळी असेलच असं नाही. माझ्याबरोबर सोलापूरच्या एक ताई आहेत. करामामध्ये एका कंपनीत अकाउंटंट. दिवाळीची खरेदी बाजूला ठेवून रजा टाकून आल्यात. त्यांच्याजवळ पेनांचा गठ्ठा आहे, आणि तो दर तासाला कमी होतोय.

पहिला येतो तो नांदेडकडचा पोरगा. पंचविशीतला. हातात प्लास्टिकची फाईल, तिच्यात एकच कागद. इमर्जन्सी सर्टिफिकेट. लेबर कॅम्पात याला सगळे आउटपास म्हणतात. पासपोर्ट हरवलेल्याला, जळालेल्याला, किंवा या पोरासारखा एजंटानं काढून घेतलेल्याला कॉन्सुलेट तो देतं. एकदाच चालतो आणि एकाच दिशेनं, भारताकडे.

“हा कसा मिळाला?” मी विचारतो.

“ह्याच्यावरून.” तो मोबाईल पुढं करतो. एजंटानं पाठवलेल्या व्हिजिट व्हिसाची पीडीएफ. तिच्यात पासपोर्टचा नंबर आहे. तेवढ्या एका ओळीनं त्याचं काम झालं. बुर दुबईच्या हमरियातल्या कॉन्सुलेटात अर्ज केला, दुसऱ्या दिवशी दुपारी कागद हातात. त्याच्या खोलीतल्या सोबत्याकडे तेवढंही नाही. ना झेरॉक्स, ना नंबर. मग गावाकडून आधार, रेशन कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला मागवायचा, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर चौकशी थेट त्याच्या ठाण्याच्या पोलिसांपर्यंत जाते. शिपाई गावात येतो, पोलीस पाटलाला विचारतो, हा फोटोतला माणूस तुमचाच का? पाटील शेतावर असला की दुबईतली फाईल तेवढे दिवस थांबते.

पोराची गोष्ट नवी नाही, म्हणूनच नीट ऐकावी अशी आहे. मुंबईच्या एजंटाला दीड लाख दिले. त्यातले लाखभर सावकाराकडून, महिन्याला शेकडा तीन. गोडाऊनमध्ये पॅकिंगचं काम, पगार बाराशे दिरहम, जेवणखाण कंपनीचं, असं ठरलेलं. आला तो व्हिजिट व्हिसावर. “तिथं गेल्यावर कंपनीचा व्हिसा लागंल म्हणाला.” विमानतळावर घ्यायला आलेल्या माणसानं व्हिसा लावायला पाहिजे म्हणून पासपोर्ट घेतला. चार दिवस देऱ्यातल्या एका खोलीत ठेवलं. पाचव्या दिवशी फोन बंद.

“मग?”

“मग गाड्या धुतल्या. रात्री. बिल्डिंगखाली पार्किंगमदी. दिवसा बाहेर पडायचं न्हाई, सीआयडी धरतेत म्हणून.”

“घरी का नाही गेलास तेव्हाच?”

तो माझ्याकडे असं बघतो की प्रश्न चुकलाच. घरी जायला पैसे लागतात हे तर आहेच, पण तिकीट ही त्यातली सगळ्यात स्वस्त गोष्ट. मुदत संपून राहिलेल्या माणसाला रोजचा दंड ५० दिरहम. तो भरल्याशिवाय विमानतळावरून पुढं सोडत नाहीत. याचा व्हिसा गेल्या वर्षी गणपतीच्या आधी संपला. तो मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर मला हिशेब करून दाखवतो, आणि बोटं इतक्या सराईतपणे फिरतात की हा हिशेब त्यानं रोज रात्री केलेला असणार. ४२० गुणिले ५०. २१ हजार दिरहम. आजच्या भावानं चार लाख ऐंशी हजार रुपयांच्या घरात.

“चारशेवीस दिवस,” तो म्हणतो. “बघा ना काका, आकडासुद्धा येजंटाचाच हाय.”

ताई हसतात, तोही हसतो. आज सकाळपासून ऐकलेला हा पहिला विनोद.

महिन्याला हजार दिरहम कमावणाऱ्याच्या डोक्यावर दर महिन्याला पंधराशेचा दंड चढत जातो. काम करून हा माणूस कधीच सुटणार नाही, आणि न करून उपाशी मरेल. म्हणून तो दडून बसतो, दडला की स्वस्तात राबवून घेणारे त्याला बरोबर शोधून काढतात, आणि पगार थकवला तरी तक्रार कुठं करणार? माफीची योजना ही दयाबुद्धी आहेच, ते नाकारायचं कारण नाही. पण हा दंड मुळात फेडता येण्याजोगा नव्हता, हेही तिनं मान्य केलंय असं मला वाटतं. २००७ मध्ये अशी माफी होती, २०१३ मध्ये होती, २०१८ मध्ये होती. दर पाच-सहा वर्षांनी खोली इतकी भरते की दार उघडावंच लागतं.

त्याचा नंबर लागतो. तो आत जातो.

तेवढ्यात ताई मला बायकांच्या मंडपाकडे बोलावतात. पुरुषांना तिथं सहसा जाता येत नाही, मी कडेला उभा राहतो. ठशांच्या यंत्रापाशी यवतमाळकडच्या एक बाई उभ्या आहेत. चाळिशीच्या आसपासच्या, डोक्यावरून ओढणी. समोर काळ्या अबायातली तरुण इमिराती अधिकारी. यंत्राच्या काचेवर चार बोटं ठेवायची, खाली हिरवी पट्टी आली की झालं. पट्टी लालच येते.

अधिकारी ओला टिश्यू देते. बाई बोटं पुसतात, ठेवतात. लाल. अधिकारी त्यांचा हात स्वतःच्या हातात घेते, उलटा करते, बोटांची टोकं उजेडात धरून बघते. तिथं रेषाच नाहीत. टोकं गुळगुळीत, पांढुरकी, कडेला कातडी सुटलेली. दोन वर्षं संडास-बाथरूमला ब्लीच आणि फरशीला डेटॉल. हातमोजे कुणी दिले नाहीत, यांनी मागितले नाहीत. “मर्रा थानिया,” अधिकारी म्हणते, पुन्हा एकदा. ताई खुणेनं सांगतात, जोरात दाबा. बाई एवढ्या जोरानं दाबतात की नखं पांढरी पडतात. लाल. मग अधिकारी आपल्या टेबलावरची हाताला लावायची क्रीम काढते, थेंबभर त्यांच्या बोटांवर चोळते, थोडं पुसते, आणि आपल्या हातानं एकेक बोट काचेवर टेकवते. अंगठा हिरवा. तर्जनी हिरवी. पुढच्या दोन बोटांना आणखी पाच-सात मिनिटं लागतात. मागं रांग ताटकळली आहे, पण कुणीच कुरकुरत नाही. मागच्या तीन-चार बायका आपापली बोटं बघताहेत.

ठसे जुळले आणि एक चांगली बातमी निघाली. बाई पळाल्याची तक्रार मालकानं केली होती आणि त्यांचा पासपोर्ट इमिग्रेशनकडे जमा केला होता. तो इथंच आहे. आउटपासची गरज नाही. १ सप्टेंबरच्या आधीची तक्रार असल्यानं तीही माफीत निघून जाईल.

“पळालात का?” ताई विचारतात. विचारायला नको होतं असं मला वाटतं, पण बाई सहज सांगतात. अजमानच्या एका ऑफिसात बसवलं होतं. भिंतीला लागून बाकं, त्यावर बायका, आणि मालकिणी येऊन निवडून न्यायच्या. यांना नेलं तिथं तीन मजली घर, अकरा माणसं. “सकाळी पाचले उठाचं, रात्री एक वाजेलोक. पगार मागतला तर म्हणे, तुयासाठी ऑफिसले पैसे भरले हायेत, ते दे न जाय.” हे वाक्य आखाती देशांत घरकाम करणाऱ्या किती बायकांनी ऐकलंय, मोजदाद नाही. एजंटानं मालकाकडून पैसे घेतलेले असतात. मालकाला वाटतं, आपण माणूस विकत घेतलं. बाईला वाटतं, आपण नोकरीला आलो. पासपोर्ट मालकाच्या कपाटात. सात महिन्यांनी कचरा टाकायला म्हणून बाहेर पडल्या त्या परत गेल्याच नाहीत. मग तासावर साफसफाई.

खरं म्हणजे त्या इथं यायलाच नको होत्या, निदान या वाटेनं. आपला नियम स्पष्ट आहे. आखातासह ज्या १८ देशांसाठी कमी शिकलेल्यांना सरकारची एमिग्रेशन क्लिअरन्स लागते, तिथं ३० वर्षांखालच्या बाईला घरकामाला जाता येत नाही, आणि तिशीवरच्या बाईची भरतीही २०१६ पासून फक्त ठरवून दिलेल्या सरकारी संस्थांमार्फतच. नियम बायकांच्या भल्यासाठी केला. पण व्हिजिट व्हिसावर निघालेल्या बाईला विमानतळावर क्लिअरन्स विचारतच नाहीत, कारण कागदावर ती कामाला निघालेलीच नसते, फिरायला निघालेली असते. यवतमाळची बाई दुबई बघायला. एजंट तिला सांगून ठेवतो, साहेबानं विचारलं तर बहिणीकडे चालले म्हण.

मंडपाच्या एका बाजूला कंपन्यांची टेबलं आहेत, मुलाखती चालल्यात. ज्यांना राहायचंय त्यांना तिथं नोकरी मिळू शकते. ताई यवतमाळच्या बाईंना विचारतात, बघायचं का? कायदेशीर राहाल, पगार बँकेत येईल.

“नाही बाई. मले नाही राहाचं आता.” आणि लगेच, “पण घरी जाऊन करू काय, हाही प्रश्नच हाये. गटाचं कर्ज हाये ना. पोरगी भरत होती हप्ते. ती आता थकली.”

तिकिटासाठी त्यांचा अर्ज कॉन्सुलेटकडे जाणार आहे. भारतीय दूतावासांकडे २००९ पासून एक कल्याण निधी आहे. आपण परदेशात पासपोर्ट नवा करायला किंवा कागद साक्षांकित करायला जातो तेव्हा पावतीत एक छोटी रक्कम जास्तीची असते, ती त्या निधीत जाते. अडकलेल्याचं तिकीट, काही दिवसांचा निवारा, वकिलाचा खर्च, कुणी गेलाच तर शव मायदेशी पाठवायचा खर्च, हे त्यातून होतं. इथं आरामात राहणारे आपले लोक त्या रकमेवरून काउंटरवर वाद घालतात, मी ऐकलंय. पुढच्या वेळी घालू नये.

कुटुंबांच्या रांगेत तीन-साडेतीन वर्षांची एक मुलगी बिस्किटाचा पुडा घेऊन फिरतेय. तिच्याकडे जन्माचा दाखला नाही, पासपोर्ट नाही, व्हिसा नाही. जन्मली तेव्हा आईबापांचेच कागद संपलेले होते. तिची फाईल सगळ्यात जाड आहे.

दुपारी जेवायच्या सुमारास चाचा येतात. खेडचे, वय बासष्ट, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. आज इथं भेटलेल्यांत सगळ्यात नीटनेटके कपडे त्यांचे. ते आमच्याशी शुद्ध मराठीत बोलतात. शारजामध्ये त्यांचं छोटं गॅरेज होतं. भागीदार निघून गेला, भाडं थकलं, चेक परत गेले, लायसन्स संपलं, त्याबरोबर व्हिसाही. सहा वर्षं झाली घरी गेले नाहीत. मधल्या काळात धाकट्या मुलीचं लग्न झालं, ते त्यांनी व्हिडिओ कॉलवर बघितलं.

ताई त्यांच्या मोबाईलवर पोलिसांचं ॲप उघडून नंबर टाकतात. थोडा वेळ चक्र फिरतं. प्रवासबंदी. भाड्याच्या थकबाकीचा निकाल घरमालकाच्या बाजूनं लागलाय आणि रक्कम भरेपर्यंत देश सोडता येणार नाही.

“म्हणजे माफी मला नाही?”

व्हिशाचा दंड माफ होईल, ताई सांगतात. कोर्टाचं देणं माफीत येत नाही. घरमालकाशी तडजोड करावी लागेल, त्यानं कोर्टात लिहून दिलं की बंदी उठेल. कॉन्सुलेटच्या वकिलांच्या यादीतून कुणी बघून देईल का, विचारू.

चाचा मान हलवतात. मग एकदम भलतंच बोलतात. “१९९० ला मी कुवेतला होतो. सद्दाम आला. आम्ही वाळवंटातून बसनं अम्मानला गेलो. तिथं एअर इंडियाचं विमान उभं. पासपोर्ट कुणाकडे होता, कुणाकडे नव्हता, कोण विचारतंय? दोन दिवसांत मुंबई, तिथून रातोरात एसटीनं खेड.” त्या वेळी अम्मानहून पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीयांना विमानानं आणलं होतं, रोजच्या फेऱ्या, दोन महिने. “लढाई होती तर सरकार न्यायला आलं. आता लढाई नाही, तर मला घरमालक सोडत नाही.”

यावर मला काही बोलता येत नाही. अडकलेला माणूस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं युद्ध येतं, विमान येतं, तिरंगा घेऊन उतरणारे लोक येतात. रोज अडकलेले जास्त असतात, आणि ते असे एकेकटे, भाड्याच्या पावत्या फाईलमध्ये लावून बसलेले. त्यांच्यासाठी विमान नाही, पाठपुरावा लागतो. या खिडकीवरून त्या खिडकीवर जाणारं, फोन न उचलणाऱ्या घरमालकाला सतरांदा फोन करणारं कुणीतरी लागतं. ताई चाचांचा नंबर आपल्या वहीत लिहून घेतात. वहीचं पान भरलेलं आहे, नंबर समासात जातो.

मंडपात अफवा दर तासाला फिरते, मुदत वाढणार. २०१८ मध्ये वाढली होती, म्हणून लोकांना खात्री आहे. काही जण उठूनही जातात, पुढच्या आठवड्यात येऊ म्हणून. कॉन्सुलेटचा माणूस रांगेत फिरून सांगतोय, वाढेल तेव्हा वाढेल, आज आलाय तर आज करून जा. (हे लिहून होईस्तोवर ती खरोखरच ३१ डिसेंबरपर्यंत वाढल्याची बातमी आली. तरी तो सांगत होता तेच बरोबर होतं.)

चार वाजता नांदेडचा पोरगा धावत येतो. एक्झिट पास मोबाईलवर आलाय. तो मला दाखवतो, मग ताईंना, मग शेजारच्या एका बांगलादेशी माणसाला, ज्याला काही कळत नाही पण तो पाठ थोपटतो. तिकिटाला खोलीतल्या सात जणांनी पैसे काढलेत. दिवाळीमुळे भाव चढलेत, पण परवाचं मिळतंय. लक्ष्मीपूजन शुक्रवारी आहे, तोवर पोचेल.

तो लगेच भावाला व्हिडिओ कॉल लावतो. स्क्रीनवर गोठा, गायीच्या कपाळावर हळदकुंकू, आणि मागून आईचा आवाज, येतोय का, नक्की येतोय का. मी त्याला पुढचं सांगून घेतो. मुंबईला उतरल्यावर इमिग्रेशनवाले बाजूला घेतील, प्रश्न विचारतील, घाबरायचं नाही, जे झालं ते सांगायचं. आउटपास तिथं जमा होईल. नंतर पासपोर्ट पाहिजे असेल तर नव्यानं अर्ज आणि पोलीस चौकशी. आणि एजंटाला दिलेल्या पैशाचं काही लेखी आहे का?

“फोनपेचे स्क्रीनशॉट हायेत.”

“ते जप. पोलिसांत द्यायला लागतील.”

भाऊ मध्येच काहीतरी म्हणतो. पोराचा चेहरा बदलतो. तो फोन माझ्याकडे देतो, तुम्हीच सांगा याला. एजंट मागच्या आठवड्यात गावात आला होता. निवडणूक झाली की दोन पोरं पाठवतोय, फॉर्म भरून घेतलेत, पन्नास-पन्नास हजार ॲडव्हान्स. व्हिजिट व्हिसा. तिथं गेल्यावर कंपनीचा लागेल.

मी भावाला जे सांगतो ते इथंही लिहून ठेवतो, कारण अशी दोन पोरं पुष्कळ गावांत असतील. नोंदणीकृत एजंटाला कायद्यानं जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेता येतो, त्यावर एक रुपया नाही. त्याचा नोंदणी क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर कुणालाही तपासता येतो. मुंबईत प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचं ऑफिस आहे, तिथं तक्रार करता येते. क्लिअरन्स घेऊन रीतसर गेलेल्याला १० लाखांचा विमा असतो, व्हिजिट व्हिसावर गेलेल्याला नसतो. तेव्हा तुमच्या गावातलं कुणी आखातात कामाला निघालं असेल तर व्हिसा मागून घ्या आणि वाचा. त्यावर एम्प्लॉयमेंट नसेल, व्हिजिट किंवा टुरिस्ट असेल, तर ॲडव्हान्स गेला तरी जाऊ द्या, त्याला विमानात बसू देऊ नका.